बिनशेंबीची काठी

सांगली,
१० जून १९४६

तीर्थरूप आकाराममामांस दादासोचा दंडवत. आईच्या पायांवर डोकं ठेवतो.

मामा, पलटणीतून मोकळा होऊन सांगलीत आलो त्याला महिना होत आला. नदीकडच्या एका क्लबात तात्पुरतं काम मिळालं आहे. संध्याकाळी इथं मोठी माणसं खेळायला जमतात. जागा चांगली आहे, जेवणाची आबाळ नाही.

एक मागणं आहे. मला तुमच्या हातची एक काठी हवी. सरळ, बिनगाठीची, उभी धरली तर हनुवटीला लागेल अशी. मागं मुठीत भरेल एवढी जाड, पुढं निमुळती. इथं काठ्या आहेत, पण माझ्या हातात बसत नाहीत. मेंढरांमागं तुमचीच काठी घेऊन वाढलेला माणूस मी, परक्या काठीला हात रुळत नाही.

घरी कधी येणार म्हणून आई विचारत असेल. सध्या रजा मिळत नाही. तब्येत ठणठणीत आहे म्हणावं.

तुमचा,
दादासो


बोरमाळ, वडूजजवळ,
ज्येष्ठ वद्य षष्ठी

चिरंजीव दादासोस आकारामाचा आशीर्वाद. बिरोबाच्या कृपेनं माणसं, मेंढरं आणि कुत्री खुशाल. पाऊस आमचा पत्ता विसरलेला आहे, ते नेहमीचंच.

तुझं पत्र मी मेंढरांच्या वाड्याच्या कुपाजवळ बसून मोठ्यानं वाचलं. तुझी आई कोकराला दूध पाजत ऐकत होती. म्हणाली, "आक्या, क्लब म्हंजी काय रं?"

मी म्हणालो, "मोठ्या लोकांचा पार."

"मग पारावर दादाला काठी कशाला?"

"राखणीला, दुसरं काय! मोठ्या लोकांच्या चपला बी मोठ्या असत्यात."

तिला ते पटलं. मलाही पटलं. तेव्हा राखणीला शोभेल अशीच काठी पाठवतो आहे. धावड्याची आहे. दोन पावसाळे आढ्याला टांगून, खाली धोंडा बांधून सरळ केलेली. चुलीच्या धुरानं पिकलेली, करडईचं तेल प्यालेली. निमुळत्या टोकाला लोहाराकडून जाडजूड लोखंडी शेंबी टोपीसारखी बसवून घेतली आहे. दगडावर आपटलीस तर चोर आल्या पावली परत जाईल.

रिवाज मात्र विसरू नकोस. काठी घेणाऱ्यानं माझ्या दारात यायचं, उंबऱ्यापाशी जो काळा दगड आहे त्याच्यावर ती आपटायची. आवाज मनाला आला तर मोल बोलायचं. तोवर काठी माझी, तुझ्याकडं नुसती उसनी. भाचा म्हणून सूट नाही. रजा मिळत नाही म्हणून लढाई संपल्यावरही घरी न येणारा शिपाई मी पहिलाच पाहतो आहे.

माझ्या अक्षराला हसू नकोस. शाळा मी लांबूनच पाहिली. वडूजच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं गोळा केली, म्हणून 'स्वस्त' आणि 'उधार बंद' हे शब्द मला सगळ्यात झोकात येतात.

खाली हरणाक्काचा, म्हणजे तुझ्या आईचा, अंगठा. हात पिठाचा होता, म्हणून पुसट उठला आहे.

आकाराम


सांगली,
२ जुलै १९४६

तीर्थरूप मामांस दंडवत.

काठी पोचली. मामा, रागावू नका, पण सगळा क्लब हसून लोटपोट झाला. चूक माझी. मी नीट लिहिलंच नव्हतं.

इथं बिलियर्ड नावाचा खेळ चालतो. घरातल्या चौकाएवढं मोठं टेबल, त्याच्यावर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणून बसवलेली. बनातीवर तीन गोळे, दोन पांढरे आणि एक तांबडा. कडेला सहा भोकं, त्यांना जाळ्या. काठीच्या निमुळत्या टोकानं आपला पांढरा गोळा ढोसायचा. तो जाऊन दुसऱ्या दोघांनाही शिवला तर दोन गुण. त्याला कॅनन म्हणतात. गोळा भोकात गेल्याचे गुण वेगळे. काठीला इथं क्यू म्हणतात. तिच्या टोकाला टिकलीएवढं कातडं असतं. तुमच्या शेंबीनं एक टोला हाणला असता तर बनात फाटून खालची दगडी फरशी दिसली असती!

पलटणीत असताना, लढाईवर जायच्या आधी, बेळगावच्या मेसमध्ये मी साहेब लोकांच्या टेबलावर राबत होतो. ते जेवायला गेले की हात मारून घ्यायचो. तिथं शिकलो. इथं मार्करची जागा रिकामी आहे. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, टेबल सांभाळणारा आणि नवख्यांना शिकवणारा. मी ते काम तात्पुरतं करतो, पण काही मेंबर म्हणतात, हा शिकवणार कसला.

शेवटी लालासाहेबांनी तोडगा काढला. हे इस्लामपूरकडचे ऊसवाले, तेही पलटणीत होते, आणि क्लबात त्यांच्याइतकं कुणी खेळत नाही. म्हणाले, "दसऱ्याला माझ्याशी खेळ. शंभर गुण आधी करील तो जिंकला. तू जिंकलास तर जागा पक्की आणि मागची खोली तुझी. हरलास तर मुकाट्यानं दुसरं काम बघायचं. हाय कबूल?"

मी कबूल म्हणालो. पण क्लबाच्या काठ्यांनी माझं जमत नाही, मामा. म्हणून मागतो आहे.

तुमची काठी वाया गेली नाही. फाटकावरच्या नाथाजी पहारेकऱ्याला ती इतकी आवडली की तो झोपतानासुद्धा सोडत नाही.

दादासो


बोरमाळ,
आषाढ पौर्णिमा

चिरंजीव दादासोस आशीर्वाद.

अरे, क्यू क्यू काय करतोस कोंबडीच्या पिलासारखा! आमच्याकडं वडूजला रेशनच्या दुकानापुढं उन्हात उभं राहतात त्याला क्यू म्हणतात. तिथं तास तास उभं राहून साखर मिळत नाही, तुझ्या क्यूनं नोकरी मिळत असेल तर तुझा बरा.

हरणाक्काला खेळ समजावून सांगितला. ती म्हणाली, "एवढं मोठं बाप्ये, आन् गोट्या खेळत्यात?" मी म्हणालो, "गोट्याच, पण उभ्यानं."

आता खरी काठी करतो. धावड्याचं आणखी एक लाकूड आढ्याला आहे. मी ते माझ्या म्हातारपणासाठी ठेवलं होतं. म्हातारपण थांबेल थोडं. मागच्या बाजूला शिसवीचा तुकडा जोडतो, आत शिसं ओततो, म्हणजे तोल मागं राहील.

पण काठी माणसाच्या मापानं होते, खेळाच्या मापानं नाही. तेव्हा दोन गोष्टी पाठव. एक दोरा घे. जमिनीपासून हनुवटीपर्यंत एक गाठ, कोपरापर्यंत एक, मुठीपर्यंत एक. गाठी कोकराच्या गळ्यात मारायचो तसल्या मार, म्हणजे वाटेत सुटणार नाहीत. दुसरं, कागदावर दोन्ही पंजे ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरव. एक हात काठी ढकलतो, दुसरा तिला खांदा देतो. दोघांची ओळख झाल्याशिवाय मी लाकडाला हत्यार लावत नाही.

खाली तुझ्या आईचा अंगठा. आज शाई जास्त झाली. ती म्हणते, दादाला ठळक दिसू दे.

आकाराम


सांगली,
२२ जुलै १९४६

तीर्थरूप मामांस दंडवत.

दोरा आणि उजवा पंजा पाठवला आहे. डाव्याची गरज पडणार नाही, तो नुसता टेबलावर ठेवायचा असतो. पुढचं टोक मात्र होईल तितकं बारीक ठेवा. बाकी तुमच्या मनासारखं.

काम जोरात चाललं आहे. लालासाहेब रोज चिडवतात, "काय दादासो, काठी आली का? का मामा अजून झाड लावतोय?"

रजेचं जमत नाही. आईनं काळजी करू नये.

दादासो


बोरमाळ,
श्रावण शुद्ध अष्टमी

चिरंजीव दादासोस आशीर्वाद.

तुझा दोरा मिळाला. पंजा मिळाला. बघून ठेवला.

शिराळ्याकडचा एक पाव्हणा नागपंचमी करून आला होता. नाग खेळवायच्या गोष्टी सांगत होता. मी त्याला म्हणालो, बाबा, तुमचा नाग बरा, तो निदान दिसतो. मला इथं न बघितलेला खेळ खेळायचा आहे.

झालं असं की, खेळ कळल्याशिवाय काठी कशी करणार? म्हणून अंगणात घोंगडं अंथरलं. बनातीऐवजी घोंगडं, गोळ्यांऐवजी कांदे, दोन पांढरे, एक तांबडा. वाकून ढोसायला लागलो. पहिला कांदा थेट कोंबड्यांत गेला. दुसरा कुत्र्यानं पळवला. घोंगड्यावर कांदा सरळ जात नाही, घोंगड्याच्या मनात येईल तिकडं जातो. पण चार दिवसांत मला काठीचं मन कळायला लागलं. पुढचा हात कसाही ठेवून बघितला. पालथा, उताणा, मूठ वळून. एका तऱ्हेनं काठी घसरायची, एका तऱ्हेनं थरथरायची. शेवटी एका जागी अशी निजली, जसं पोर आईच्या कुशीत.

ती जागा कोणती ते काठी आल्यावर तुला कळेल.

हरणाक्कानं मला कांदे ढोसताना पाहिलं. आधी हसली. मग जवळ येऊन बघितलं, मग नाही हसली. ती खुशाल आहे. काठी कधी होणार म्हणून रोज माझ्या मागं लागते.

आकाराम


सांगली,
२० ऑगस्ट १९४६

तीर्थरूप मामांस दंडवत.

मामा, कांद्यांचा खेळ आता पुरे करा. दसरा जवळ आला. मी क्लबाच्या काठीनं रात्रंदिवस हात मारतो, पण चांगला चाललेला डाव मधेच नासतो. काठी हातावरून सरकते. काल लालासाहेबांचा भाऊबंद म्हणाला, "हा मार्कर काठी धरतो का मासा?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

लवकर पाठवा. आणि तुमच्या मागच्या पत्रावर आईचा अंगठा का नव्हता? ती बरी आहे ना?

दादासो


बोरमाळ,
भाद्रपद शुद्ध तृतीया

चिरंजीव दादासोस आशीर्वाद.

काठी मोटारीवाल्याच्या हाती पाठवली आहे. जुन्या लुगड्यात गुंडाळली आहे, ते टाकू नकोस, पुसायला होईल. टोकाला कातडं आहे, शेंबी नाही. पुढं ज्वारीच्या ताटाएवढी बारीक आहे, पण भिऊ नकोस, धावडा वाकेल पण मोडणार नाही.

मागं मुठीजवळ लाखेचा तांबडा पट्टा आहे. खेळायच्या आधी उजव्या हाताचा अंगठा त्या पट्ट्यावर ठेवून बघ.

तू विचारलास तो हरणाक्काचा अंगठाही तिथंच आहे.

आकाराम


सांगली,
९ सप्टेंबर १९४६

मामा,

मायना लिहायला सुचत नाही. माफ करा.

लुगडं सोडलं, काठी बाहेर काढली. हातात घेतली आणि अंगठा पट्ट्यावर ठेवला. तिथं खोलगट जागा होती. उजेडात नेऊन पाहिलं तर लाखेत अंगठा उठलेला. त्याच्यावर ती आडवी चीर, विळा लागला होता तेव्हाची. आईचा अंगठा.

म्हणजे तुम्हाला कळलं आहे.

आता लपवून काय करू? इटलीत, एका नदीच्या काठावर, शेवटच्या हिवाळ्यात माझा डावा अंगठा गेला. मुळापासून. बाकी सगळा मी धड आहे. काठी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात ठेवायची असते. माझ्याकडं बेचकंच नाही. म्हणून क्लबाची काठी घसरते, म्हणून मेंबर म्हणतात हा काय शिकवणार, आणि म्हणून मी घरी आलो नाही. आईनं धडधाकट पोरगा पलटणीत पाठवला होता. ठरवलं होतं की नोकरी आणि खोली हातात आली की मगच हा हात दाखवायचा. रिकामा आणि थोटा, दोन्ही एकदम नको.

पण तुमची काठी! मी पंजा पालथा ठेवला आणि तिला दोन बोटांच्या पेरांमधल्या खाचेत ठेवलं. क्लबाची जाड काठी तिथं बसतच नसे. ही बसली. मागं शिसं, पुढं ताट. ढकलली तर चाकोरीतून गेल्यासारखी गेली. मामा, तो हात तुम्ही पाहिलाही नाही. कसं केलंत?

आई काय म्हणाली? खरं लिहा.

दादासो


बोरमाळ,
भाद्रपद वद्य पंचमी

चिरंजीव दादासोस खूप आशीर्वाद.

वेड्या, तू कागदावर लपवलंस, पण दोऱ्यावर कसं लपवणार? कोकराच्या गळ्यातली गाठ मारायला दोरा डाव्या अंगठ्यानं दाबून धरावा लागतो. ती तुला मीच शिकवली, तू तेव्हा माझ्या कमरेएवढा होतास. तुझ्या दोऱ्यावरच्या तिन्ही गाठींना दाताचे वळ होते. दुसरं म्हणजे उजव्या पंजाभोवतीची रेघ डाव्या हातानंच काढावी लागते. तुझी पेन्सिल जागोजाग सुटलेली. आणि डावा पंजा आलाच नाही. लांडगा दिसत नाही, पण मेंढरं एका कडेला सरकली की धनगराला कळतं.

म्हणून मी माझा डावा अंगठा चिंधीनं तळहाताला आवळून बांधला आणि कांदे ढोसायला बसलो.

तेवढ्यात हरणाक्का आली. "आक्या, येडा झालास का रं? कांदं ढोसतोयस घोंगड्यावर!" आणि हसायला लागली. मग तिचं लक्ष चिंधीकडं गेलं.

"आंगठा का बांदलास?"

मी पुढचा कांदा ढोसला.

"आक्या, आंगठा का बांदलास म्हंते मी."

मी चिंधी आणखी आवळली. माझं तोंड शेजारच्या बाभळीकडं. ती खाली घोंगड्यावर बसली. एक कांदा हातात घेऊन नुसता फिरवत राहिली.

"कंचा हात?"

"डावा."

"बाकी?"

"बाकी धड असंल. लिवतोय की."

ती उठली आणि कोकरांना पाणी पाजायला गेली. बराच वेळ लागला. परत आली तेव्हा डोळे तांबडे होते, पण आवाज नेहमीचा. म्हणाली, "काठी कवा व्हनार?" मी म्हणालो, लाख लावली की झाली. तर म्हणाली, "लाख ऊन हाय तवर मला हाक मार. सरकारानं माझा आंगठा लय कागदावर घेतला. त्याला पलटनीत घातला तवा घेतला, त्याची मनिआर्डर आली तवा घेतला. एकदा माझ्या कामाला बी लागू दे की."

चटका बसला तिला. तरी अंगठा तसाच दाबून धरला. वर म्हणाली, "त्याला सांग, तुजा एक गेला, हा माजा घे. हिशेब फिटला."

तर आता रडगाणं बंद. मी जन्मभर अंगठा उठवायचा टाळून सही शिकलो, तू अंगठा देऊन माणूस राहिलास. दोघांत शहाणा कोण ते बिरोबाला ठाऊक. तू दसऱ्याला खेळ. लालासाहेब ऊस पिकवतात, आपण माळावर मटकी पिकवतो. कमी पाण्यात कसं उगवायचं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

रिवाज अजून उभा आहे. दगड दारात आहे.

आकाराम


सांगली,
७ ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप मामांस आणि आईस दादासोचा साष्टांग दंडवत.

आई, मामा वाचतायत ना? मामा, जरा मोठ्यानं वाचा.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर सगळा क्लब टेबलाभोवती गोळा झाला. खिडक्यांतसुद्धा माणसं. लालासाहेबांनी कातड्याच्या पेटीतून आपली विलायती क्यू काढली. मी लुगडं सोडलं. लालासाहेबांनी माझी काठी हातात घेऊन पाहिली.

"काय रं, ही क्यू हाय का ज्वारीचं ताट?"

"ताटच हाय, साहेब. पण कणीस लागलेलं."

सगळे हसले. यावेळी मलाही मनापासून हसू आलं.

सुरुवात वाईट झाली. लालासाहेब पाळीला आले की बराच वेळ खाली बसत नव्हते. गोळे त्यांच्या सांगण्यातले असल्यासारखे फिरत होते. मला वाटलं, गेली खोली. मी हात पुसायला लुगडं उचललं आणि त्याला चुलीचा वास आला, आपल्या घरचा. मग मी घाई सोडली. पालथा पंजा, दोन पेरांमधली खाच, मागं उजवा अंगठा आईच्या अंगठ्यात. मेंढरं वळवतो तसे गोळे वळवले. मेंढरू अंगावर धावून वळत नाही, जरा पुढं जाऊन नुसती काठी आडवी दाखवायची. तसंच. तांबडा भोकात. पुन्हा तांबडा. मग कॅनन. खिडकीतली माणसं आत वाकली.

शेवटी त्यांना दोनच गुण हवे होते आणि मलाही दोनच. पाळी माझी. पण माझा पांढरा गोळा टेबलाच्या लाकडी काठाला चिकटून बसलेला, आणि बाकीचे दोघे पार पलीकडं. बनातीवर हात टेकायला जागाच नाही. हात काठावरच्या लाकडावर ठेवूनच मारायचा होता.

लालासाहेबांचा भाऊबंद म्हणाला, "आता कशी धरतोस?"

मी पंजा लाकडावर सपाट ठेवला. पोळपाटावर भाकरी ठेवावी तसा. मामा, तिथं अंगठा असता तर आडवाच आला असता! काठी खाचेत निजली. श्वास सोडला आणि ढकलली. पांढरा गेला, दुसऱ्या पांढऱ्याला हळूच शिवला, पलीकडच्या काठावर आपटून परत फिरला आणि तांबड्याकडं इतका हळू निघाला की आता थांबतो, मग थांबतो. तांबड्याला टेकला. टिक्. एवढाच आवाज.

मग जो गलका उठला! नाथाजीनं फाटकावरून ऐकलं आणि तुमची पहिली काठी पायरीच्या दगडावर ठाण् ठाण् आपटत नाचायला लागला. अख्ख्या गल्लीला वाटलं चोर आला.

लालासाहेबांनी आपली विलायती क्यू पेटीत ठेवली, माझा डावा हात सगळ्यांसमोर वर धरला आणि म्हणाले, "ह्यो हात आता आपल्या क्लबाचा मास्तर. कुणाला काय म्हणायचंय?" मग माझ्या कानाशी म्हणाले, "गड्या, ही काठी मला दे. तू म्हणशील ते मोल."

मी म्हणालो, "अजून माझीच झाली न्हाई, साहेब. मामाच्या दारातला दगड बाकी हाय." त्यांना रिवाज सांगितला. ते इतके खूश झाले की म्हणाले, मलाही मामांच्या हातची काठी पाहिजे, माझ्या मापाची. दिवाळीआधी ते स्वतःची मोटार काढणार आहेत. मी वाट दाखवायची.

जागा पक्की झाली. खोलीची किल्ली कमरेला आहे. आणि रजा मिळाली, मामा. मागायचंच काय ते बाकी होतं.

एकच अडचण. ही काठी दगडावर आपटायची कशी? शेंबी नाही. आपटली तर कातडं जाईल आणि लाखही तडकेल. मग व्यवहार पुरा कसा व्हायचा?

दादासो


बोरमाळ,
कोजागिरी पौर्णिमा

चिरंजीव दादासोस आकारामाचा पोटभर आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला, दुसऱ्यांदा हरणाक्काला, तिसऱ्यांदा पारावर. पारावर वाचताना त्या शेवटच्या गोळ्यापाशी मी मुद्दाम थांबलो आणि तंबाखू मळायला घेतली. लोक अंगावर आले. "आवं आकारामतात्या, टेकला का न्हाई त्यो?" मी म्हणालो, थांबा रं, गोळा अजून वाटंत हाय. मग 'टिक्' म्हणालो. बाजूच्या झाडावरची पाखरं उडाली एवढी आरोळी उठली. रात्री ढोल काढले. पाऊस न होता ढोल वाजलेले या गावानं पहिल्यांदाच ऐकले.

पहिल्या काठीचा व्यवहार पुरा झाला. नाथाजीनं ती दगडावर आपटली आणि आवाज पटला. ती त्याची. मोल म्हणून त्यानं तुझं फाटक नीट राखावं.

दुसरीची तू काळजी करू नकोस. रिवाज दगडाचा नाही, आवाजाचा आहे. तिचा आवाज 'टिक्' आहे. तो सांगलीनं ऐकला, आम्ही नाही. तेव्हा अंगणात घोंगडं अंथरून ठेवतो आणि तीन कांदे मांडतो. कुत्र्याला बांधून ठेवीन. तिथं तू कॅनन करून दाखव. घोंगड्यावर जमलं तर काठी तुझी. नाही जमलं तर जमेपर्यंत इथंच राहायचं, रजा वाढवून घे.

लालासाहेबांना सांग, काठी आनंदानं करून देईन, पण मोटारीत आपल्या आईलाही घेऊन या. लाख लावताना लागेल. चटक्याचं आधीच सांगून ठेवावं.

पत्र संपवून मी शाई पुढं केली आणि नेहमीसारखं हरणाक्काला म्हणालो, "आक्का, खाली आंगठा कर." तिनं हात पदराखाली घेतला.

म्हणाली, "माजा आंगठा त्याच्याकडंच हाय. घिऊन ये म्हनावं."

आकाराम